मृत्यूचं कारण: इतर

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी बाबा वारले.

छे, असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य नजरचुकीनं आलं आहे, ते वाचलंच नाही असं समजून पुढे जावं. मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी बाबा स्वयंपाकघराच्या दारापाशी उकिडवे बसून बिजागरीत तेल सोडत होते आणि गॅसवर त्यांचा चहा होता. चौतीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत घालवलेल्या माणसाला करकर सहन होत नाही. निवृत्तीनंतर घरात करकरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, हे दार आणि आत्याचा फोन. त्यातल्या एकीलाच तेल घालता येत होतं.

टेबलाशी त्यांची मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. ती तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाईटवर नोकरीला होती. बातम्या म्हणजे मोबाईल, हेडफोन आणि चार्जर यांची परीक्षणं, आणि तिच्या वाट्याला चार्जर आले होते. तीन वर्षांत तिनं दोनशेच्या वर चार्जर तपासले, त्यामुळे ऑफिसात तिला हाकच ‘चार्जर’ अशी मारत. आत्याचं म्हणणं, इतकंच होतं तर ‘टॅबलेट’ तरी ठेवायचं, ऐकायला जरा बरं वाटतं.

त्या सकाळी मात्र ती घरचं काम करत होती. बाबांच्या डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा पेसमेकर होता आणि त्याची बॅटरी संपत आली होती. तपासणाऱ्या तंत्रज्ञानं छातीवर मशीन टेकवून सांगितलं होतं, “आठ आठवडे. नऊ धरू नका.” इस्पितळानं बॅटरी बदलायला चार आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. त्या दिवशी न्यायच्या कागदांत एक होता नागरिक नोंदवहीचा ताजा उतारा, ज्यात बाबांच्या नावापुढे ‘हयात’ असं लिहिलेलं हवं होतं.

उतारा सरकारी पोर्टलवरून निघायचा. तिनं बाबांचा नोंदणी क्रमांक टाकला आणि मधला एक आकडा चुकला. पान उघडलं, पण भलत्याच बाईंचं. वय एकाहत्तर. फोटो, पत्ता, रक्तगट, मुलांचे फोन नंबर, सगळं ताट वाढून ठेवल्यासारखं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, ‘आपण कोण’ एवढीसुद्धा विचारपूस नाही. आणि पानाच्या तळाशी एक चौकट: ‘स्थिती: हयात’. चौकटीच्या टोकाला एक बाण होता. बाण दाबला की दुसरा पर्याय खाली घसरायचा: ‘मयत’.

तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. टेबलावरसुद्धा ठेवायचा धीर होईना.

या धंद्यात एक नियम पाळतात. असं भोक सापडलं तर परक्याच्या माहितीला बोट लावायचं नाही. स्वतःच्या नाहीतर घरच्यांच्या नोंदीवर, त्यांना विचारून, खात्री करून घ्यायची. मग ज्यांचं भोक आहे त्यांना आधी कळवायचं, आणि छापायचं ते नंतर. नियम शहाण्या माणसांनी केला आहे. ती त्या नियमाला धरून वागली, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

“बाबा, तुम्हाला दोन मिनिटं मयत करून बघू का?”

“कुठे?”

“वेबसाईटवर. खरंच होतं का ते बघायचंय. लगेच परत करते.”

बाबांनी तेलाची बाटली खाली ठेवली. “मागं घ्यायचं बटण आहे का आधी बघ. बटण नसलेल्या खोलीत शिरायचं नाही.”

“आहे. लिहिलंय, बदल नोंदवल्यावर ‘मागे घ्या’ हा पर्याय उपलब्ध होईल.”

“मग कर. पण चहा उतू जायच्या आत आण परत.”

तिनं मयत निवडलं. पोर्टलनं कारण विचारलं. यादी लांबलचक होती आणि वर आयतंच ‘इतर’ आलेलं होतं, ते तिनं तसंच राहू दिलं. वेळ त्यानं आपली आपणच भरली. नोंदवणाऱ्याचा क्रमांक, ऐच्छिक, असा एक रकाना होता. लपवाछपवी नको म्हणून तिनं स्वतःचा क्रमांक टाकला. नातं: मुलगी. हिरवी खूण उमटली. ‘नोंद यशस्वी.’ खाली खरोखरच ‘मागे घ्या’ आलं. तिनं ते दाबलं.

‘ही सुविधा केवळ खातेदारास उपलब्ध आहे. खातेदार मयत आहे.’

चहा उतू गेला.

पाठोपाठ तिचा फोन वाजला. मेसेज होता. ‘आपल्या कुटुंबातील दुःखद घटनेत विभाग सहभागी आहे. आजच्या सेवेला किती स्टार द्याल?’ असा मेसेज नोंदवहीतल्या सगळ्या नातेवाइकांना जायचा. अर्ध्या मिनिटात बाबांचा फोन वाजला आणि आत्याचा हंबरडा थेट गॅलरीपर्यंत ऐकू गेला.

“दादा, अरे तू गेलास रे!”

“मी घरीच आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“काय कुणी सांगितलं?”

“की तू घरीच आहेस म्हणून! इथे सरकारचा मेसेज आलाय. अकरा चारला गेलास. कारण इतर. अरे, काय होत होतं तुला, बोलला नाहीस कधी!”

बाबांनी फोन कानापासून लांब धरला आणि मुलीकडे बघितलं. “इतर? एवढी मोठी यादी होती, आणि तुला माझ्यासाठी काहीच बरं सापडलं नाही?”

ऑफिस एका जिमच्या वर होतं. खाली कुणी वजन आपटलं की वर टेबलावरचे फोन दोन बोटं सरकायचे. बुधवारी सकाळी तिथं तिघं बसली होती. ती, संपादक, आणि हेडफोनची परीक्षणं करणारा सहकारी, ज्याला सगळे ‘हेडफोन’ म्हणत आणि ज्याला निम्मं बोलणं दोनदा सांगावं लागे.

विभागाला तिनं मंगळवारीच रीतसर पत्र पाठवलं होतं. सात मिनिटांत उत्तर आलं: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, की दुपारी तीन वाजता मयतासह समक्ष भेटावे.

“छापायचं की नाही, हा प्रश्न आहे,” संपादक म्हणाले. त्यांना कुठलीही गोष्ट प्रश्न म्हणून मांडायला आवडायची, उत्तराची जबाबदारी मग समोरच्यावर जाते. “आपण गॅजेटवाले. सरकार हे गॅजेट आहे का?”

“चालतं विजेवरच,” ती म्हणाली.

“चार्जर, मी गंमत करत नाहीये. आपण छापलं, की उद्या सकाळी शहरातला प्रत्येक नतद्रष्ट करून बघणार. भाऊ भावाला मारेल, सून सासूला. माझ्या घरमालकाला कळलं तर मी संध्याकाळ बघत नाही. भोक आहे हे आज फक्त आपल्याला माहीत आहे. बोंब मारून आपणच चोरांना पत्ता देणार?”

तिला ते पटलं, हीच अडचण होती. “आणि चोरांना आधीच माहीत असेल तर?”

“कुणाला माहीत आहे?”

“शनिवारपासून कुणालातरी माहीत आहे,” हेडफोन म्हणाला. निम्मंच ऐकणाऱ्या माणसानं नेमकं हे निम्मं ऐकलं होतं. त्यानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पोर्टलवर एक पान सगळ्यांना उघडं होतं: ‘आज नोंदवलेले मृत्यू’. या शहरात दिवसाला पस्तीस-चाळीस मृत्यू नोंदले जात. शनिवारी दुपारी बारापासून दर मिनिटाला एक होत होता. रात्री एक, पहाटे एक, जेवणाच्या सुट्टीत एक. नोंदवणाऱ्याचा क्रमांक कोरा. कारण सगळ्यांचं एकच: इतर. आणि नोंदणी क्रमांक एकापुढे एक, मधला एकही न गाळता.

संपादकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

“हे क्रमांक दिले कसे होते, आठवतंय?” ती म्हणाली. “घरोघरी माणसं आली होती. आकडे रांगेत म्हणजे घरंही रांगेत.”

कुणीतरी चालत होतं. दाराला दार लावून, गल्लीतून गल्लीत, वर-खाली न बघता. पावणेसहा हजार माणसं मागे टाकून ते पुढे चाललं होतं. त्या वेगानं तिच्या गल्लीत ते सोमवारी दुपारी पोचणार होतं. शेजारचे मास्तर, वरच्या मजल्यावरची बाळंतीण, बाळंतिणीचं अकरा दिवसांचं बाळ, ज्याला गेल्याच आठवड्यात घरच्या रांगेतला राखीव क्रमांक मिळाला होता.

“मग मेसेज कसे नाहीत आले लोकांना?” संपादकांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचा चेहरा उतरला. “मला आला होता. रविवारी. मावशीचा. फसवणूक असेल म्हणून मी उडवला. सरकारी मेसेज कोण वाचतं?” त्यांनी मावशीला फोन लावला. मावशी ठणठणीत होती, भाजी निवडत होती. फक्त रविवारपासून बसचं कार्ड चालत नाही म्हणाली. कंडक्टर रोज नवा असतो, आणि रोज तेच म्हणतो, आजी, हे कार्ड गेलेल्या बाईंचं दिसतंय.

विभागाची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. व्हरांड्यातल्या खुर्च्या एकमेकींना साखळीनं बांधलेल्या, टोकनचा फलक दोनशे सतरावर अडकलेला. लिफ्ट बंद होती, पण तशी पाटी कुठेच नव्हती. बाबांनी बटण दाबलं, आत कान देऊन ऐकलं आणि नाक मुरडलं. तीन मजले ते थांबत थांबत चढले. ती मागून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. दुसऱ्या मजल्यावर ते जरा जास्तच वेळ थांबले आणि भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं वाचत असल्याचं नाटक केलं.

नोंदणी अधिकारी हळू आवाजाचा, स्वच्छ माणूस होता. टेबलावर काही नव्हतं, फक्त तीन पेनं आणि एक फाईल. फाईलवर बाबांचा क्रमांक होता.

“बसा मॅडम. वडिलांचं कळलं. फार वाईट झालं.”

“ते बाहेर बसलेत.”

“हो, येताना पाहिलं. तब्येत बरी वाटली.”

तिनं सगळं सांगितलं. चुकलेला आकडा, उघडलेलं पान, बाण. अधिकाऱ्यानं मान हलवत ऐकून घेतलं. “भोक म्हणू नका. आमच्याकडे त्रुटी नसतात. जाहीर न झालेल्या सुविधा असतात.”

तिनं मोबाईलवर यादी काढून पुढे सरकवली. तिच्या डोळ्यांदेखत वर आणखी एक ओळ चढली. अधिकाऱ्यानं ती वाचली, आणि मग पुढची येईपर्यंत तो एक अख्खं मिनिट थांबला.

“क्रमानं चाललंय,” तो म्हणाला. “म्हणजे शिस्त आहे.”

“कोण करतंय हे?”

“आम्हीसुद्धा शनिवारपासून तेच बघतोय.”

“मग बंद का करत नाही?”

“बंद केलं, तर उघडं होतं असं होईल.” त्यानं एका पेनाला टोपण लावलं. टोपण दुसऱ्या पेनाचं होतं. ते त्याच्या लक्षात आलं नाही. बाकी सगळं त्याच्या लक्षात होतं.

मग तो आणखी हळू बोलला. वडिलांची एक नोंद तो उद्या दुपारी हातानं सरळ करू शकत होता. एक नोंद, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. इस्पितळाची तारीख त्याला माहीत होती, त्यानं ती न विचारता सांगितली. “पण काही छापून आलं, की चौकशी लागते. चौकशी लागली, की सगळ्या नोंदी आहेत तशा गोठतात. निकालाला एकशेवीस दिवस. कामकाजाचे. मी काही म्हणत नाहीये, मॅडम. मी फक्त कामाची पद्धत सांगतोय.”

“आणि ते बाकीचे?”

“त्यांच्याकडून अजून कुणाची तक्रार नाही. मयत माणूस सहसा तक्रार करत नाही.”

बाहेर बाबा पाटीशिवायच्या लिफ्टसमोर उभे होते. दार त्यांनी कधीच चार बोटं उघडलं होतं आणि आतल्या काळोखात वाकून बघत होते. डबा वर होता. समोर नुसती विहीर.

घरी आल्यावर ती चपला न काढताच टेबलाशी बसली. बाबांनी दार उघडलं, मिटलं, परत उघडलं. करकर गेली होती, आता त्यांना करमत नव्हतं.

“काय म्हणाला तो?”

तिनं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, “मी गप्प बसते. एक महिना. तुमची बॅटरी बदलून झाली की छापू.”

“एका महिन्यात ते कुठवर गेलेलं असेल?”

तिनं तो हिशेब ऑफिसातच केला होता. आपली गल्ली, मागची, आत्याची, आणि बाजारापलीकडची सगळी.

“आमच्यात काय करायचे,” बाबा म्हणाले, “लिफ्ट बिघडली की पहिली पाटी. बाकी सगळं मग. पाटी लावली की लोक शिव्या घालतात. कुणाला चौथ्या मजल्यावर जायचं असतं, कुणाचे गुडघे दुखतात. तरी पहिली पाटी.”

“आमचे संपादक म्हणतात, पाटी लावली तर चोरालाही कळतं की दार उघडं आहे.”

“चोर जिन्यानं जातो. विहिरीत पडतो तो दूधवाला.” ते खुर्चीत बसले. “एकदा एका मोठ्या इमारतीच्या मॅनेजरनं मला सांगितलं, आज पाटी नको, पाहुणे येणार आहेत, वाईट दिसेल. तू गुपचूप दुरुस्त कर. मी पाटी नाही लावली.”

“मग?”

“मग काय. लावायला हवी होती.”

इतक्या वर्षांत तिनं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती, आणि ती पुढे विचारायला धजावली नाही.

“पण तुमची बॅटरी, बाबा.”

“बॅटरी माझी आहे. ती माझ्याकडे राहू दे. तू तुझं काम कर.” मग जरा थांबून, “आणि जमलं तर ते ‘इतर’ बदल. भावकीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस.”

ती हसली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला आणि पाच मिनिटांनी बाहेर आली.

गुरुवारी सकाळी घोडं परत अडलं. विभागाचं पत्र ऑफिसात पोचलं होतं: सदर विषयावर कोणतीही बातमी प्रसिद्ध करू नये, अन्यथा परिणामांस आपण जबाबदार राहाल. संपादकांनी ते दोनदा वाचलं. वाचताना ते मावशीला फोनवर ‘बसनं जाऊ नकोस, चालत जा’ असं सांगत होते.

“बातमी छापू नये,” ते फोन ठेवून म्हणाले. “आपण कधी छापली आहे का बातमी?”

“नाही,” हेडफोन म्हणाला. “आपण परीक्षणं करतो.”

“मग परीक्षण लिही, चार्जर. कुलूप कसं निघतं ते लिहायचं नाही. पण स्टार द्यायचे.”

तिनं ते तासाभरात लिहिलं, रोजच्या साच्यात, रोजच्या भाषेत. रचना: साडेतीन स्टार. वेग: चार, माणूस मिनिटाच्या आत मयत होतो. वापरायला सोपं: पाच, कुणालाही जमेल आणि कुणाचंही करता येईल. परत यायची सोय: नाही. सुरक्षितता: स्टार शोधला, सापडला नाही. खाली यादीचं चित्र, आणि एक ओळ: आपल्या माणसांची स्थिती आजच तपासा, उद्या कुणाची गल्ली आहे ते सांगता येत नाही. कुठला आकडा कुठे बदलायचा, ते तिनं लिहिलं नाही. सगळं लिहून झाल्यावर तिनं ‘प्रसिद्ध करा’वर बाण नेला आणि तो तिथंच राहिला. खाली कुणीतरी मोठं वजन आपटलं. फोन दोन बोटं सरकले. तिनं दाबलं.

पहिली प्रतिक्रिया आली: ‘बॅटरी किती चालते?’ हा वाचक प्रत्येक परीक्षणाखाली हेच विचारायचा आणि ती प्रत्येक वेळी उत्तर द्यायची. या वेळी तिला उत्तर माहीत होतं, आणि तिनं ते लिहिलं नाही.

दुसरी आली: ‘आजोबांचं ग्रंथालयाचं कार्ड रविवारपासून चालत नाही. आत्ता बघितलं. मयत.’ तिसरी: ‘आईसुद्धा.’ चौथी: ‘आमचा आख्खा जिना.’ मग मोजायला कुणी थांबलं नाही. दुपारी माणसं कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली. हजारभर मयत जिना चढले. सव्वाचारला पोर्टलवर पाटी आली: ‘देखभालीसाठी बंद’. ‘आज नोंदवलेले मृत्यू’चं पान शेवटच्या ओळीवर थांबलं. पुढचं मिनिट आलं, गेलं, आणि ओळ चढली नाही. त्यानंतरचंही. ते जे काही चालत होतं, ते कुठल्यातरी अनोळखी दारासमोर उभं राहिलं होतं. कोण होतं, ते कधीच कळलं नाही. हेडफोन म्हणाला, अजून तिथंच उभं असेल. त्याला कुणी हसलं नाही.

विभागानं निवेदन काढलं: पोर्टलमध्ये कोणतीही त्रुटी नव्हती, ती दूर करण्यात आली आहे.

रविवारपर्यंत सगळं इतकं सरळ झालं की तिला भीती वाटू लागली. ज्या नोंदींमध्ये नोंदवणाऱ्याचा क्रमांक कोरा होता, त्या सरसकट रद्द झाल्या. सात हजारांवर माणसं एका फटक्यात हयात झाली. संपादकांच्या मावशीचं कार्ड सोमवारी सकाळी बसमध्ये टिंग वाजलं आणि तिनं त्याच बसनं उगाचच तीन फेऱ्या मारल्या.

बाबांची नोंद रद्द झाली नाही.

बाबांच्या नोंदीत क्रमांक कोरा नव्हता. त्यात मुलीचा क्रमांक होता, नातं होतं, खरी वेळ होती. विभागाला पाठवलेल्या पत्रात तर खातेदाराच्या संमतीनं केल्याचा लेखी पुरावाही होता, तिनंच दिलेला. चौकशी समितीनं कळवलं, की आठवड्याभरातल्या त्या सगळ्या संशयास्पद मृत्यूंमध्ये नियमाप्रमाणे झालेला मृत्यू हा एकच आहे. नियमाप्रमाणे झालेली नोंद रद्द करण्याची तरतूद नाही. सुधारित पोर्टलमध्ये ती बदलताही येत नाही, कारण सुधारित पोर्टल आता अत्यंत सुरक्षित आहे. एकदा मयत, की परत हयात करायला बाहेरच्याला वाट नाही आणि आतल्यालाही नाही. हयात करून हवं असल्यास मयतानं स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज करावा, निकाल एकशेवीस दिवसांत.

इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईनं बाबांचा क्रमांक टाकला, स्क्रीनकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

“फॉर्मच उघडत नाही. दुसऱ्या इस्पितळातही नाही उघडणार, सगळे त्याच वहीला विचारतात.”

“हे समोर उभे आहेत,” ती म्हणाली.

“दिसतंय की. मला नका दाखवू, मशीनला दाखवा.” मग आवाज खाली आणून, “अत्यवस्थ झाले तर आणा. तेव्हा नंबर विचारत नाहीत. आत्ता फार चांगले दिसतायत ते.”

“सवयीनं,” बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी टेबलावर लॅपटॉपऐवजी आखीव कागद होता. मयताला टाईप केलेला अर्ज चालत नव्हता. बाबांनी चष्मा लावला. मजकूर तिनं सांगायचा ठरलं होतं, पण दोन ओळींनंतर ती ‘मयत’ या शब्दापाशी अडली. तेव्हा बाबा म्हणाले, मला येतं, आणि उरलेलं त्यांनी आपलं आपणच लिहिलं. मधे एकदा त्यांनी हात खांद्याखाली नेला, क्षणभर तिथंच ठेवला, आणि ती बघतेय हे लक्षात आल्यावर खिशात पेनाचं टोपण शोधत असल्यासारखं केलं.

*प्रति,*
*मा. नोंदणी अधिकारी*

*विषय: हयात करून मिळणेबाबत.*

*महोदय,*

*वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, खाली सही करणार हा गेल्या मंगळवारपासून आपल्या दप्तरी मयत असून त्याची प्रकृती साधारण आहे. सदर मृत्यू नियमाप्रमाणे झाला याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही, तसेच नोंदवणाऱ्या मुलीविरुद्धही काही म्हणणे नाही, तिने आपले काम केले आहे. अर्जाच्या निकालास कामकाजाचे एकशेवीस दिवस लागतात असे समजते. अर्जदाराच्या छातीतील यंत्राची बॅटरी आजपासून साधारण सात आठवडे चालेल असे सांगण्यात आले असून ती सुट्टीच्या दिवशीही चालते. तरी विनंती की, निकाल हाती येईपर्यंत सदर बॅटरीने संपू नये, असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून तिला देण्यात यावेत व त्याची एक प्रत अर्जदारास मिळावी.*